तीन नंबरची फाइल

६ मार्च १९८९, सोमवार

रिपोर्ट पुन्हा कोराच. मथळा आला, तारीख आली, खाली एकही ओळ नाही. हाच प्रोग्राम जुन्या मशीनवर दोन वर्षं मुकाट चालत होता. रंगनाथसाहेब म्हणाले, "शुक्रवारी मोठे साहेब बघायला येतायत. जमलं नाही तर नवं मशीन झाकून ठेवू, आणि तुम्ही परत टायपिंगला." तेही अगदी गोड आवाजात. मेलं ते मशीन!

घरी भागीआत्या आलीये, सटाण्याकडून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. अण्णांशी अहिराणीत गप्पा चालल्यात. मी पाणी नेऊन दिलं तर माझ्याकडे बघून त्यांना म्हणाली, "तिले काहीच समजस नही." नेमकं एवढंच समजलं. झोंबलं.

७ मार्च

शेजारच्या टेबलावरच्या यादवच्या टर्मिनलवर रिपोर्ट पूर्ण येतो. तोच प्रोग्राम, तेच मशीन. "माझ्याकडे तर येतो बुवा," म्हणत चहा पीत बसला. डोकं फिरलं.

८ मार्च

धागा सापडला! शेल म्हणजे आपला हुकूम ऐकून बाकीच्या प्रोग्रामांना कामाला लावणारा मुकादम. यादवच्या नावावर जुना शेल आहे, माझ्या नावावर नवा. उघडलेल्या प्रत्येक फायलीला एक नंबर असतो; माझा प्रोग्राम सुरुवातीलाच तीन नंबरवर रिपोर्टची फाइल उघडतो. मथळा शेल स्वतः लिहितो, खालच्या ओळी त्याने कामाला लावलेले छोटे प्रोग्राम. जुना शेल उघडी फाइल त्यांच्याही हाती देतो. नवा देत नाही — पण का? उद्या मॅन्युअल घेऊनच बसते.

९ मार्च

मॅन्युअलमध्ये एकच ओळ. अशा उघडलेल्या, दोन नंबरच्या पुढच्या फायली दुसरा प्रोग्राम चालवताना बंद होतात. म्हणजे चूक नव्हेच, मुद्दाम! बापाचं ओझं पोराच्या डोक्यावर नको, असाच विचार असणार. हवी असेल तर ज्याला त्याला नंबर सांगून द्यायची. प्रत्येक छोट्या प्रोग्रामपुढे 3>&3 लिहिलं — तीन नंबर आहे तसा तीनवरच दे. रिपोर्ट आला, सगळ्या ओळींसकट. यादव म्हणाला, "माझ्याकडे तर आधीपासून येतोय." मारला असता त्याला, पण हसूच आलं.

जेवताना अण्णांना विचारलं, आम्हाला अहिराणी का नाही शिकवलीत? ताटाकडे बघत म्हणाले, "मी नाशिकला शाळेत आलो तेव्हा मास्तरसुद्धा हसायचे. तुम्हाला कोणी हसू नये म्हणून घरात बंदच केली."

मी भांडायच्या तयारीत होते. भांडताच येईना. वाईट वाटलं, त्यांच्यासाठीच जास्त. म्हटलं, आता द्या की. ते भात कालवत राहिले.

१० मार्च

मोठे साहेब रिपोर्ट उलटसुलट बघून गेले. मशीन राहिलं, मीही राहिले.

११ मार्च

कामावरून आले, चपला काढत होते. आतून अण्णांचा आवाज — "जेवनी का?" मला वाटलं, आत्याला विचारतायत. आत्या खाटेवरून म्हणाली, "माले नही, तुले इचारस."

मी उंबऱ्यातच उभी. म्हटलं, "नही."