वेगळा काढलेला तलाव

सर, परवा मी तुमच्यासारखीच फरशीवर बसून पुठ्ठ्याचे तुकडे मांडले, तेही कॉम्प्युटर समोर असताना. गोंदियाच्या कॉलेजात समूह विश्लेषण, म्हणजे सारख्या गोष्टींचे गट पाडणं, शिकवताना तुम्ही बाकं भिंतीला सरकवायचे आणि आम्हां सगळ्यांना खाली बसवायचे. माहिती थोडी असेल तर ती आधी हाताने लावून बघायची, हा तुमचा हट्ट. प्रत्येक तुकड्यावर एकेका घराची उत्तरं: सायकल आहे का, गाय आहे का, विहीर आहे का. नुसतं हो किंवा नाही. जुळणारी उत्तरं मोजून मी दोन घरं एका ढिगात टाकते, आणि तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघताय. "काऊन वो पोरी, तुया घरी हत्ती नाई, माया घरी हत्ती नाई, म्हून आपुन भाऊ-बहीण झालो का?" वर्ग खो-खो हसला. मला रडूच यायचं बाकी होतं. मग तुम्ही शेजारी बसून समजावलंत, की दोघांचं 'हो' जुळलं तर नातं धरायचं, दोघांच्या 'नाही'वर फार विसंबायचं नाही. इतकं अवघड इतक्या सोप्या शब्दांत सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आता माझ्यापुढे अर्जुनी मोरगावकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव होते; यंदा कुणाचा गाळ काढायचा ते गट पाडून ठरवायचं होतं. मोजकेच, पानभर. मासेमारी संस्था आहे का, गेट आहे का, उन्हाळी धान होतो का, असेच प्रश्न. कॉम्प्युटरने एक तलाव सरळ पडीक तलावांत टाकला, कारण त्याच्याकडे आणि त्यांच्याकडे 'नाही'चीच गर्दी. पडीक गटातल्या तलावांचा गाळ यंदा निघणार नव्हता. मी फक्त जुळणारे 'हो' धरून पुन्हा मांडलं, तर तो पठ्ठ्या कुठल्याच ढिगात बसेना. म्हणून गेले बघायला. तलावाच्या पाळीशी, बांधालगत एक बाई म्हशी धूत होती. पडीक म्हटल्यावर ती उखडलीच. "कोन म्हंते पडीक? दरसाल याच्याच पाण्यावर आमचा धानाचा रोवना होते! गाळानं अर्धा बुजला, मंग पुढच्या साली आमी का करावं?"

कार्यालयातल्या बैठकीत मी तो तलाव वेगळा मांडला. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, अकेले एक का ग्रुप कैसे बनेगा?" बनतो, म्हटलं, आणि हत्तीची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले आणि तलाव गाळाच्या कामात घेतला. सर, त्या वेळी तुमचा इतका अभिमान वाटला की समोरचे कागदही नीट दिसेनात.

निघताना साहेब म्हणाले, "बाकी तालुकों का भी ऐसे ही करना है. आपके सर को एक बार बुला लो ना." मी म्हटलं, "हो, विचारते." हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण तुम्ही गेलात, हे मला तिथे सांगवलं नाही.