फियाटचं पांढरं छत

अमरावती

प्रिय पायल,

सप्रेम जयभीम. काल फोनवर तू गाडीचं विचारलं आणि मी ‘आवाज येऊन नाही राहिला’ म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. पण जे सांगायचं ते तोंडानं सांगता येईना, म्हणून हा कागद. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला माझा, अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून वाच.

फियाट आता चालते. इंजिन मीच उघडून नीट केलं, बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणली, कुठं अडली नाही. राहिलं होतं आतलं छत. स्वप्निलनं पाइपांचा पिंजरा बसवला तेव्हा जुनं कापड फाडून फेकलं होतं, वर नुसता पत्रा. चिखलदऱ्याच्या घाटात शर्यत खेळायची होती ना तुझ्या भावाला. गाडी उलटली तरी आतल्या माणसाला ओरखडा येणार नाही, असं गल्लीभर सांगत फिरायचा. आणि गेला कशानं, तर डेंग्यूनं, दवाखान्याच्या पलंगावर. मला या गोष्टीचा अजून राग येतो, पायल. कोणावर काढू ते समजत नाही.

तुझी अट माझ्या ध्यानात होती. लग्न लागल्यावर अकोल्याला सासरी जाशील ती भावाच्याच गाडीतून, पण पिंजरा काढून. ते पाइप दिसले की त्या पलंगाचे गज दिसतात, असं तू म्हणाली होती आणि मी हो म्हटलं होतं. कुशनवाल्या भगवंतचंही तेच म्हणणं पडलं. छताच्या कापडात तारेच्या कमानी ओवायच्या, ते ताणायचं, मग कडेनं चिकटवायचं. इथं पाइप आणि पत्र्याच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जागा, त्याचा पंजाच शिरेना. आधी कापड, मग पिंजरा, अशी रीत असते म्हणे. पोरानं उलटं करून ठेवलेलं. नवरीची गाडी म्हणून भगवंतनं लाल मखमल काढली. मी पांढरं मागितलं तर घरात कोणाची मयत झाली की काय असं वाटलं बिचाऱ्याला. मग सांगितलं, बाबा रे, आमच्यात नवरी पांढऱ्या साडीतच उभी राहते. तेव्हा कुठं त्यानं पांढरा तागा उलगडला.

पाइप कापायला गॅस कटरवाला अंगणात आला, आणि तुझी आई मागच्या सीटवर जाऊन मांडी घालून बसली. मी समजावलं, भगवंतनं समजावलं. ऐकेल ती शकुन कसली! कटरवाला चहा पिऊन निघून गेला. मग तिनं बांगड्या उतरवल्या आणि कापड मागितलं. अख्खं जात नाही तर तुकडे करू, म्हणाली. छताला जोड देत नसतात, उघडा दिसतो, असं भगवंत म्हणाला, आणि त्याचं खोटं नव्हतं. पण तिनं प्रत्येक जोड आडव्या पाइपाच्या बरोबर वर येईल असा बेतला. भगवंतनं तारा ओवून दिल्या, ती गादीच्या वाकड्या सुईनं मान वर करून शिवत राहिली. आता सीटवर बसून पाहिलं तर जोड दिसत नाही.

शिवता शिवता ती रडली. स्वप्निल गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, तुला माहीत आहे. लोक तिला दगड म्हणायचे. एका हातानं पाइप धरून, दुसऱ्या हातात सुई तशीच, अशी रडली. मी बाहेर उभा होतो, दार उघडायची हिंमत झाली नाही. खाली उतरली तेव्हा एवढंच म्हणाली, “पोरगी सासरी चालली, तं भाऊ संगं नाही पायजे काय?”

तर पिंजरा गाडीतच आहे. तुला दिलेला शब्द मी पाळला नाही. आता पाइप कापायचा म्हटलं तर ठिणग्यांनी तिचं कापड जळेल. तरी तू म्हणशील तर मी कापीन, लग्न तुझं आहे, आणि तुझं दुःख तिच्याहून कमी नाही. फक्त त्याआधी एकदा घरी ये. गाडीत बस, वर पाहा. मग कापायचाच असेल, तर ते तूच आईला सांग. माझ्यानं होणार नाही.

तुझाच,
बाबा