दारातलं दीडशे वर्षांचं झाड

३ मार्च. सकाळी ७.
पेपरात बातमी. नगरपालिका जुन्या वास्तूंच्या यादीत यंदापासून जुनी झाडंही घेणार. वय शंभरच्या पुढे असेल तर झाडाला क्रमांक, पितळी पाटी, आणि मग फांदीला हात लावायची कुणाची बिशाद नाही. लगेच दारातलं रेनट्रीचं झाड डोळ्यांसमोर आलं. (खिडकीतून दिसतंच.) सहज दीडशेचं असणार. आता स्वस्थ बसायचं नाही.
पाटी लावायचा छोटा समारंभ करू. त्याला आमची ही येईलच. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून चार दिवसांसाठी गेली आहे, नोव्हेंबरात. गुडघ्याचं दुखणं मोठं चिवट असतं.

४ मार्च.
वारसा कार्यालयातून अर्ज आणला. खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, झाड तुमचं का. म्हटलं, मी झाडाचा. तो हसला नाही. कामाचा ताण असावा.
अर्ज चार पानी. आज रात्रीच्या आत भरून हातावेगळा करणार.

९ मार्च.
अर्ज भरला नाही. चष्मा सापडत नव्हता. शेवटी हिला फोन केला. म्हणाली, फ्रिजवर बघा. फ्रिजवरच होता. दोनशे किलोमीटरवरून सांगते. तू इथेच असतीस तर फोनची खटपट वाचली असती, असं सहज सुचवलं. तिला नीट ऐकू आलं नसावं.

११ मार्च.
झाडाचा घेर मोजायचा होता. छातीच्या उंचीवर, असं अर्जात लिहिलंय. मोजमाप मला नवं नाही. अख्खी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. पण टेपचं एक टोक धरून फेरी मारायला जावं तर दुसरं सुटतं. चार वेळा सुटलं. एकट्या माणसाला झाड मोजता येत नाही, हे अर्ज काढणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
तळमजल्यावरच्या डेंटिस्टला हाक मारली. त्याच्या दवाखान्याची पाटी झाडामागे झाकली जाते, म्हणून त्याचा झाडावर राग. तोडायला मोजताय का, असं त्याने आनंदाने विचारलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर टेप सुटला असता.
घेर साडेपाच मीटर. भागाकार केला. वय एकशे सत्तेचाळीस. वरची तीन वर्षं मी झाडाच्या वतीने धरली.

१५ मार्च.
शेजाऱ्यांच्या दहा सह्या हव्यात. जो तो आधी विचारतो, वहिनी कधी येणार. आजपासून फालतू गप्पांत वेळ घालवायचा नाही.
सह्या सात. एक माझी. डेंटिस्टला आता खरं कळलंय. त्याने झाड तोडण्याचा अर्ज दिला म्हणे. खुशाल देऊ दे.

१८ मार्च. संध्याकाळी.
सात सह्यांवरच अर्ज देऊन टाकला. दर्जा बघावा, संख्या नव्हे.
रोज संध्याकाळी पाऊण तास झाडाचं निरीक्षण सुरू केलंय. घरात तरी कुणाशी बोलणार. आज एक शोध लागला. अंधार पडायला लागला की या झाडाची पानं मिटतात. सगळीच्या सगळी. हिला तातडीने फोन करून कळवलं. ती म्हणाली, हो. नुसतं हो. विज्ञानात तिला रस नाही.

२ एप्रिल.
वारसा कार्यालयाच्या समितीतल्या तज्ज्ञ बाई पाहणीला आल्या. मी सकाळपासून घर आवरलं होतं, चांगल्या कपबश्या काढल्या होत्या. बाई झाडाभोवती फिरल्या. खोडाच्या एका खाचेत त्यांनी हात घातला. म्हणाल्या, ही दोन झाडं आहेत. वीतभर अंतरावर लावलेली, वाढता वाढता एकजीव झाली. त्यात ही जात भराभर जाड होते. वय तीस, फार तर बत्तीस.
मी म्हटलं, काहीतरी घोटाळा होतोय. त्यांनी विचारलं, तुम्ही इथे कधीपासून राहता. म्हटलं, तेहेतीस वर्षं. म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत वाढलं की, म्हणाल्या. चहा न घेता गेल्या.
तज्ज्ञांच्याही चुका होतात. खात्रीसाठी हिला फोन केला. म्हणाली, मीच लावली ती. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी. एक तरी जगेल म्हणून दोन लावली, तर दोन्ही जगली. भांडी विसळलेलं पाणी रोज बादलीने नेऊन घालत होते. तुम्ही एकदा त्यावरून स्कूटर घातलीत, तेव्हा भोवती विटा रचल्या.
मी म्हटलं, मला सांगायचं नाहीस का. ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही पेपर वाचत होतात.
फोन ठेवला आणि चांगल्या कपबश्या परत कपाटात ठेवल्या. फार एकटं वाटलं. असलं काही लिहायची मला सवय नाही, पण वाटलं खरं.

४ एप्रिल.
अर्ज नामंजूर. पण तज्ज्ञ बाईंनी मार्ग सुचवलाय. रहिवाशांनी स्वतः लावून वाढवलेल्या झाडांची एक वेगळी नोंदवही आहे. तीत नोंद झाली तर डेंटिस्टचा अर्ज आपोआप रद्द. नाहीतर महिनाअखेर करवत. फक्त लावणाऱ्याने फॉर्म भरून सही करायची.
म्हणजे हिला यावं लागणार. सगळं कसं जुळून येतंय.

७ एप्रिल.
हिला फोनवर सांगितलं, सही अधिकाऱ्यासमोरच करावी लागते, नियम कडक आहेत. बघते, म्हणाली. बघते म्हणजे येतेच. तिच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं काढली. पाच महिन्यांची निघाली. उशीला नवा अभ्रा घातला. ती आली की रोज संध्याकाळी दोघांनी झाडाखाली बसायचं, पेपर न घेता. हा निश्चय पक्का.

१० एप्रिल.
हिने परस्पर कार्यालयात फोन केला. फॉर्म कुरिअरने पाठवला तरी चालतो म्हणे. त्या क्लार्कला कामाचा ताण बिलकूल दिसत नाही.
पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली, की मन बदललं तर स्वतः घेऊन ये. मेव्हणी आता रोज तासभर फिरायला जाते, असं कळलं. व्यायाम अति करू नये. गुडघा पुन्हा उलटू शकतो.

१९ एप्रिल.
कुरिअर आलं. सोबत चिठ्ठी नाही. फॉर्म मात्र पूर्ण भरलाय, कुठे रिकामी जागा नाही. झाडं, दोन. लावल्याचं वर्ष, बरोबर. सध्या देखभाल करणारी व्यक्ती, तिथे तिने माझं नाव लिहिलंय. हे वाचून बरं वाटलं. मग खाली लावणाऱ्याची सही. त्याखाली कायमचा पत्ता. तिथे बहिणीचा पत्ता घातलाय.
घाईत चुकलं असेल, असं वाटलं. पण अक्षर घाईचं नाही. पिनकोडसुद्धा लिहिलाय.
खोडून आपला पत्ता घालावा म्हणून पेन उघडलं. फॉर्मच्या तळाला छापलंय, खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. झाड तर वाचायला हवं. दुपारी होता तसा नेऊन दिला. क्लार्कने शिक्का मारला, पत्ता वाचला आणि विचारलं, बाई तुमच्याकडे राहत नाहीत का.
म्हटलं, नाही.