तळं नितळ झालं, त्याबद्दल

चि. धाकटीस दादाचे आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. जेवण बेताचं, पोट मात्र बेताबाहेर.

तुझी खुशखबर वाचली: वास न येणाऱ्या मोज्यांचा कारखाना आला, तळ्यातलं शेवाळ गेलं, बेडूक गप्प झाले. तुझ्या घोरण्याला भ्याले, असं लिहिणार होतो.

पण आमच्या प्रयोगशाळेत तसलेच मोजे धुतलेलं पाणी तपासायला आलंय. त्यात वास मारायला मोज्यांत घातलेले चांदीचे, डोळ्यांना न दिसणारे कण आहेत. पाणी कसं निर्मल, निर्गंध. सोमवारी त्यात वीस गोगलगायी सोडल्या. आज दोन हलताहेत.

तळ्याच्या पायरीवर गोगलगायी आहेत का, आजच बघ. असल्या तर मला खुशाल हस. तोवर पोरांना ते पाणी देऊ नकोस, उकळूनसुद्धा. चांदी उकळून जात नाही.

उत्तराकडे डोळे लावून,
दादा