शेवंतीचं जुडगं

मार्गशीर्ष, रविवार. संध्याकाळ.

आज शेवटी घरामागची बाग साफ केली. दोन वर्षं तिकडे पाहिलंच नव्हतं, नुसतं गवत आणि फुटक्या कुंड्या. दसऱ्याच्या तोरणातले सुकलेले झेंडू पुढच्या अंगणात चुरून टाकले होते, त्यांची रोपं वीतभर झालीत. पण फुलांना वेळ आहे आणि मला रंग आत्ताच हवा होता. शेवंती फक्त भिंतीपलीकडे, मोठ्या जाऊबाईंकडे. घराच्या वाटणीपासून भिंतीतलं मधलं दार बंद आहे, आम्ही बोलत नाही. त्या दिवशी वाईट बोलले ती मीच. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

तरी रस्त्यानं वळसा घालून गेले. दारातूनच म्हटलं, "वहिनी, शेवंतीचं एखादं रोप मिळेल का?"

त्या खुरपं घेऊन बसल्या आणि पिवळ्या शेवंतीचं कळ्यांनी भरलेलं जुडगं मातीसकट काढलं. सगळ्यात मोठं. शेजारी लहान होतं की, तेच का नाही दिलं? ओल्या फडक्यात बांधताना म्हणाल्या, "ज्यादा पाणी देऊ नको, मुळं सडून जातीन."

"वहिनी, त्या दिवशी मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी मध्येच तोडलं. "तुला लावता येत नाही. सावलीत ठेव. उद्या सकाळी मी येते."

सगळ्यात मोठं दिलं त्यांनी. पुन्हा पुन्हा तेच मनात येतंय.

घरी आल्यावर भिंतीतल्या मधल्या दाराच्या गंजलेल्या कडीला तेल घातलं, ठोकून ठोकून ती काढली. दार आता नुसतं लोटलेलं आहे.