नाहूरचं पाणी, हर्षदची सुट्टी

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

नाहूरला काल दिवसभर पाणी नव्हतं. वॉर्ड ऑफिसातल्या विमलाताईंनी फोनवर खात्री केली — पाणी बंदची सूचना नाहूरचीच होती. आम्ही पेपरात छापलं नेरूळ! नेरूळ खाडीपलीकडे. नाहूरकरांनी बादलीसुद्धा भरून ठेवली नाही. सकाळपासून शिव्या खातोय.

बातमी आमच्या डेस्कवरच्या हर्षदची.

मंगळवार, १२ ऑगस्ट

डेस्कचा नियम जुना. वर्षभर चूक नाही, तर गणपतीला पाच दिवस सुट्टी. चूक छापून आली की सुट्टी गेली. मांजरेकर डेस्कप्रमुख होते तेव्हा त्यांनीच लावला. आता त्या खुर्चीत मी.

"पान स्वच्छ दी, सुट्टी घे. भानगड नाय." एवढंच त्यांचं भाषण. पाठ थोपटणं नाही, डूख धरणंही नाही. २००४ साली माझी सुट्टी गेली, तेव्हा मी मरोळच्या ऑफिसच्या जिन्यात रडत बसले होते. वरून मांजरेकरांचा आवाज आला, "रडान घे, पण तीनच्या आत पान सोड." छपाईला सोडलं! पुढच्या वर्षी मी मागायच्या आत सुट्टीचा कागद टेबलावर. काय बरं वाटायचं तेव्हा — आपण कुठे उभे आहोत ते रोज कळायचं.

बुधवार, १३ ऑगस्ट

नव्या संपादक गंधाली म्हणाल्या, "शुभाताई, ही तर ट्रान्झॅक्शनल लीडरशिप झाली. माणसं अशी देवाणघेवाणीवर नाही ना चालवता येत."

मांजरेकर असते तर विचारलं असतं, "मगे तुमचा पान किती वाजता सुटता?"

हर्षदच्या सुट्टीचा निर्णय त्यांनी माझ्यावर सोडलाय.

गुरुवार, १४ ऑगस्ट

हर्षदला सांगितलं, सुट्टी गेली. त्याच्या वडिलांची बायपास झालीय. यंदा कणकवलीच्या घरी पूजेला त्यालाच बसायचं होतं, पहिल्यांदा.

"नियम माहितीय, ताई. पण नेरूळ कसं लिहिलं यार मी? नाहूरच्या शेजारचा, मुलुंडचा आहे मी!" हसायला गेला, जमलं नाही.

घरी फोन लावायला जिन्यात गेला. बराच वेळ आला नाही. पान मात्र वेळेत दिलं त्याने.

नियम तो नियम. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

त्याची मूळ कॉपी उघडून पाहिली. नाहूरच लिहिलंय. तपासताना नेरूळ मी केलं.

सोमवारी अकराच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार. सुट्टी माझी गेली. हर्षद कणकवलीला जाईल.