सातच्या सिरियलीचे गाऱ्हाणे

२ नोव्हेंबर
म्हापशाच्या इस्पितळात बोलायला शिकवणारी बाई आहे, तिने ही वही घ्यायला लावली. हे रोज काय बोलले ते लिहायचे. शाळेतल्या चौथीनंतर मी वाण्याच्या यादीशिवाय काही लिहिलेले नाही. आणि लिहिणार तरी काय? गणेशचवथीच्या आधी ह्यांना झटका आला. हातपाय देवाच्या दयेने सुधारले, काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातात. जीभ तेवढी अडकली. बाई म्हणते, डोक्यात सगळे आहे, तोंडापर्यंत येत नाही.
आज: हं. हं. आणि एकदा हं.

४ नोव्हेंबर
सातची सिरियल. जाऊ रुक्मिण आली, शेजारची पारूकाकी आली. नायिका भरजरी साडी नेसून पोळ्या लाटते. एक फुगेल तर शपथ. सासू दाराआडून ऐकते. दिवसभर तेच काम. एवढ्या मोठ्या घरात कोणी कधी भांडी घासताना दिसत नाही. सात वर्षे शिव्या घालते आणि बघते.
पूर्वी हे लावू देत नसत, बातम्या म्हणजे बातम्या. आता खुर्चीत, त्यांच्या जुन्या कदेलीवर बसून मुकाट बघतात. रिमोट माझ्या हातात, त्याचे काही सुख नाही.
आज: हं.

७ नोव्हेंबर
ह्यांचा धाकटा भाऊ दामू आला. उंबऱ्यावरूनच, "वैनी, काल्याक गाऱ्हाणां कोण घालतलो? दादाक जमात?"
मी म्हटले, "तुला एवढी घाई?" त्याचा चेहरा पडला. वाईट बोलले. त्याला हौस नाही, देवळाच्या मानकऱ्यांनी विचारायला पाठवले होते. काल्याच्या दिवशी, म्हणजे गावच्या जत्रेला, देवापुढे उभे राहून साऱ्या गावाची सुखदुःखे सांगायची, तो मान आमच्या घराचा. सासरे घालायचे, मग बावीस वर्षे हे. हे उभे राहिले की मागची पोरेसुद्धा गप्प. आता काला महिन्यावर.
ह्यांनी सगळे ऐकले. पेज तशीच ठेवली.

१० नोव्हेंबर
म्हापसा. बाई मलाच ओरडली. "तुम्ही त्यांचे शब्द खाता. ते तोंड उघडतात, वाक्य तुम्ही संपवता. दहापर्यंत मोजा."
"काय हवे ते मला कळते, मग कशाला थांबू?"
"कळते म्हणूनच थांबा."
पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. परतीच्या बसमध्ये धारगळ येईपर्यंत रागावून बसले. हे खिडकीबाहेर बघत होते. हसत होते असे वाटते.

१३ नोव्हेंबर
दहा होत नाहीत. चारला तोंड उघडते माझे. सकाळी ह्यांनी हात केला, मी चहा दिला. नको. पाणी दिले. नको. चप्पल हवी होती. तेवढ्यात पदेर सायकलचा भोंगा वाजवत येऊन गेला, पाव राहिले. पाव गेल्याचा राग ह्यांच्यावर काढला.
आज: काही नाही. मी मात्र पुष्कळ.

१५ नोव्हेंबर
बोलले!! सिरियलीत नायिका रडत होती, बराच वेळ. हे म्हणाले, "खोटी."
आख्खा शब्द. बरोबर शब्द. काजळ जागच्या जागी, नाकसुद्धा लाल नाही. रुक्मिण ओरडली, "भावजी बोलले गो!" मी तिला गप्प केले, पुढचे येईल म्हणून. आले नाही. असू दे.
अंथरुणावर पडल्यावर कळले. सिरियल चालू असते तेवढा वेळच माझे तोंड बंद असते.

१८ नोव्हेंबर
म्हणून दुपारचा सिनेमाही लावला. हिरो तीस जणांना मारतो, त्याची चप्पलही निघत नाही. मारामारी संपते तर आईच्या हातची खीर. हे म्हणाले, "पुरे... पुरे." मग खूप वेळाने, "पेज बरी." मी मोजत नव्हते, आपोआप थांबले.
लग्नाला सत्तावीस वर्षे, सिनेमावर आमचे एकमत पहिल्यांदाच.

२१ नोव्हेंबर
नायिका जिन्यावरून पडली. सासूनेच तेल ओतले. पोटुशी बाई, इस्पितळात, टिकली शाबूत. पारूकाकीने पदर डोळ्यांना लावला.

२२ नोव्हेंबर
आज पानभर लिहिणार.
काकी सातच्या आधीच आली. हातात नारळ आणि विडा. ह्यांच्यापुढे ठेवला. "शाणू, त्या पोरीसाठी देवाक गाऱ्हाणां घाल रे."
रुक्मिण हसून लोळली. "काकी, नटी ती. पडायचा पगार घेता!"
"नटीक आवस-बापूस नाय? तू गप रव. शाणू, तोंडान येयना तर मनान सांग."
मी काकीला उठवणारच होते. ह्यांनी नारळ हातात घेतला. डोळे मिटले. आणि आले. "बा देवा म्हाराजा..." तिथून सुटले ते थेट शेवटापर्यंत. ह्या लेकरावर जे काय संकट आले असेल ते दूर कर, चुकले माकले पोटात घाल, सगळे. जुना आवाज, तोच. रुक्मिणीचे हसू कधी गेले कळले नाही. आम्ही तिघी मागून, "होय म्हाराजा."
संपल्यावर मी विचारले, चहा? ह्यांनी तोंड उघडले. च... च... परत तेच.
मी आत जाऊन रडले. माझे नाक लाल होते, एवढे सांगते.

२४ नोव्हेंबर
बाईला फोन केला. म्हणते, पाठ असलेले वेगळ्या वाटेने बाहेर येते, होते असे. खूप आशा लावू नका. पण आवाजात तीही खूश होती.
मला धसका वेगळा. पाठ तेवढ्याने काल्याचे गाऱ्हाणे होत नाही. मध्ये ह्या वर्षाचे सांगावे लागते. कोणाचे घर पडले, कोणाची गुरे गेली, कोणाची लेक नांदत नाही. ते दरवर्षी नवे.

२६ नोव्हेंबर
गावभर झाले. खोट्या पोरीसाठी खऱ्या देवाला गाऱ्हाणे घातले, चेष्टा केली. मानकरी नाराज, दामू खाली मान घालून सांगत होता. तोंडाने येत नाही आणि आता हे. मान दामूला द्या म्हणतात.
मी निघालेच होते भांडायला. पारूकाकीने अडवले. "तू गेलंस तर होता तां पण जातला." स्वतः गेली, काठी टेकत. शाणूला मीच सांगितले, पाप मला लागेल, असे तिथे म्हणाली. मोठ्या मानकऱ्यांनी म्हणे हळूच विचारले, "ती बरी झाली काय?" त्यांच्याही घरी सातला तेच लागते!
ह्यांनी उभे राहावे असे ठरले. जमले नाही तर तिथेच दामूने पुढे व्हायचे.
काकीचे पाय धरले. ती म्हणाली, "पाय सोड, सिरियल लाव."

२८ नोव्हेंबर
नायिका शुद्धीवर आली. काकीची मान ताठ. जो कोणी ही सिरियल लिहितो त्याचे देव भले करो, सात वर्षांच्या शिव्या मी परत घेते. पोळ्यांच्या मात्र नाही.

१ डिसेंबर
दामू रोज येतो. समोर बसून ह्या वर्षाचे एकेक सांगतो, हे म्हणून बघतात. "भातशेती" आले. "वादळ" तीन वेळा अडकले, चौथ्यांदा आले. दामू म्हणाला, "दादा, मी तुज्या पाठी उभो रवतंय, हळूच शब्द सांगतंय."
हे म्हणाले, "नको." मग, "थांब... तू." मग किती तरी वेळाने, "मीच."
मी दहापर्यंत मोजले आणि पुढेही मोजत राहिले. दामू असा भाऊ आहे. मी त्याला घाई म्हणाले होते.

५ डिसेंबर
काला. हे पहाटेच न्हाले. धोतर दामूने नेसवले. मला खरी भीती ह्यांची नाही, माझी आहे. तिथे अडले तर साऱ्या गावात पहिले तोंड माझे उघडेल. रुक्मिण म्हणते, "मी तुजा तोंड धरून रवतंय." धर बाई.
ढोल लागला. दामू रस्त्यावरून हाका मारतो आहे. हे दारात थांबलेत, ह्यांना मला काही सांगायचे आहे. ओठ हलतात. काय ते मला कळलेही आहे, असे वाटते.
शब्द ह्यांचा आहे, मी सांगत नाही. दामूला म्हटले, ओरडू नको. उभी आहे मी.